खाज एकाची, खापर दुसऱ्यावर

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

पाळीव प्राण्यांच्या जगातही मानापमान असतात. कुत्रा पाळणाऱ्याला लोक विचारतात, "कोणत्या जातीचा?" मांजर पाळणाऱ्याला विचारतात, "दूध किती पिते?" आणि गिनीपिग पाळणाऱ्याला विचारतात, "कशाला?" या 'कशाला'चे उत्तर मला अजून देता आलेले नाही. तो दाराशी भुंकत नाही, उंदीर मारत नाही, बोलावले तर येत नाही. दिवसभर गवत खातो, लेंड्या टाकतो आणि फ्रिजचे दार उघडल्याचा किंवा पिशवी चुरचुरल्याचा आवाज आला की 'व्हीक् व्हीक्' अशी शिट्टी मारून सारे घर डोक्यावर घेतो. एवढाच त्याचा संसार.

त्याच्या नावाची तर सगळीच फसवाफसवी. तो गिनी देशातला नाही आणि डुकराशी त्याचे काही नाते नाही. तो उंदीर-खारींच्या मोठ्या कुळातला, कुरतडणारा प्राणी. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कुशीत, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या परिसरात, काही हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला माणसाळवले, तेही खाण्यासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि तिथे मुलांचा खेळगडी झाला. पुढे प्रयोगशाळांना तो सापडला आणि त्याचे नाव जगभर वाक्प्रचारात जाऊन बसले. आपल्याकडेही "आमचा काय गिनीपिग केलाय का?" असे विचारणारी माणसे पुष्कळ भेटतात, गिनीपिग पाहिलेली मात्र थोडी.

आमच्या घरी असे दोन आहेत. घर नेरूळला, सिडकोने बांधलेल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. आजी, आई, बाबा, आठवीतला धाकटा भाऊ आणि मी अशी पाच माणसे दोन खोल्यांत राहतो. मामेभाऊ नोकरीसाठी बंगळूरला निघाला तेव्हा मुंबईतल्या कुठल्याशा दुकानातून आणलेली ही जोडी त्याने भावाच्या ओटीत घातली. हिरवट करड्या रंगाची ती मूग आणि तपकिरी ती मटकी, ही नावे आजीने ठेवली. दोघी माद्या. त्यामुळे आमच्या घरात "मूग आली", "मूग रुसली" असे अशुद्ध मराठी राजरोस बोलले जाते. मराठीच्या सरांनी क्षमा करावी.

मे महिना सुखात गेला. जूनमध्ये पाऊस लागला. खाडीकाठचे आमचे हे शहर पावसाळ्यात कसे असते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपला पांढुरक्या होतात, दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही. अशा दिवसांत मटकी अंग खाजवू लागली. आधी सगळ्यांना गंमत वाटली, कारण मागचा पाय उचलून कानामागे भराभर खाजवतानाची तिची मुद्रा फार तत्त्वज्ञासारखी दिसे. पंधरा दिवसांत गंमत सरली. पाठीवरचे केस विरळ झाले, खांद्यावर कातडी जाड, पिवळसर, कोंडा धरलेली दिसू लागली. हात लावला की ती किंचाळे. आणि एका रात्री खाजवता खाजवता ती एका कुशीवर पडली, पाय ताठ झाले, मान मागे गेली आणि सगळे अंग थडथड उडू लागले. भाऊ रडत आईला हाका मारू लागला. मिनिटाभराने ती शांत झाली, उठून बसली, आणि पुन्हा खाजवू लागली.

दुसऱ्या दिवशी सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारच्या काकूंनी रॉकेल चोळायला सांगितले. तळमजल्यावरच्या काकांकडे कुत्र्याची पिसवांची पावडर होती, ती त्यांनी प्रेमाने वर पाठवली. कुणी डांबराच्या गोळ्या पिंजऱ्यात ठेवा म्हणाले, कुणी कडुलिंबाचा लगदा, तर कुणी गेल्या वर्षी उरलेल्या जंतुनाशक गोळ्यांची पट्टी काढून दिली. प्रत्येकाला औषध माहीत होते. रोग कोणता, हे मात्र कुणीच विचारले नाही.

याच सुमारास आजीच्या डाव्या मनगटाच्या वर एक लाल वर्तुळ उठले. कडेला उंचवटा, मध्ये कातडी जरा साफ. आपल्याकडे त्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणतात. आजी रोज मटकीला मांडीवर घेऊन कोथिंबिरीचे देठ भरवीत असे. दोन आणि दोन चार झाले. बाबांनी संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या निकाल दिला : "त्या प्राण्यांची खरूज आईला लागली. रविवारी दोन्ही घरातून गेली पाहिजेत."

"कुठे?" भावाने विचारले.

"खाडीकडे मोकळी जागा आहे. गवत आहे. सोडून ये."

खाडीकाठच्या गवतात मोकाट कुत्री आहेत, घारी आहेत, मुंगसे आहेत. पिंजऱ्यात वाढलेला गिनीपिग तिथे एक रात्र काढणार नाही हे बाबांनाही ठाऊक होते. पण घरातल्या वृद्ध माणसाला बाधा झाली की बाकीचे हिशेब मिटतात, आणि मला त्यात त्यांचे काही चुकले असे वाटत नव्हते. मी एवढेच म्हटले, "बाबा, आठ दिवस द्या. आधी रोग कोणता ते पाहू." बाबा 'बरं' म्हणाले, पण पिंजऱ्याकडे पाहायचे त्यांनी सोडून दिले.

पहिली चौकशी केली ती खुद्द फिर्यादीने, म्हणजे आजीने. तिचे बालपण पेणजवळच्या खेड्यात गुरावासरांत गेले. आपल्या भाषेत या चिमुकल्या शत्रूंना किती नेमकी नावे आहेत हे मला तिच्यामुळे कळले. ऊ वेगळी, तिचे अंडे ती लीख वेगळी, उडी मारते ती पिसू, कातडीला चिकटून रक्त पिऊन फुगते ती गोचीड. आजीने तिची जुनी लाकडी फणी काढली, मांडीवर काळ्या कापडाचा तुकडा पसरला आणि मूगच्या मानेमागून फणी फिरवली. कापडावर दोन-तीन फिकट, बारीक, लांबट ठिपके पडले आणि चालू लागले. "ही ऊ," आजी म्हणाली, "माणसाची नव्हे. माणसाची अशी सडपातळ नसते." मग मटकीची पाठ विंचरली. कोंडा पडला, केस पडले, चालणारे काही पडले नाही. "हिचं वेगळं आहे. हिचं कातडीच्या आत आहे," असे म्हणून आजीने फणी गरम पाण्यात टाकली.

भावाच्या टपाल तिकिटांच्या वहीबरोबर मिळालेले भिंग घेऊन आम्ही ती ऊ पाहिली. सहा पाय. पुढे पशुवैद्यबाईंनी आजीच्या निदानावर शिक्कामोर्तब केले. गिनीपिगांच्या उवा बहुधा दोन प्रकारच्या असतात, एक सडपातळ आणि एक अंडाकृती. केस आणि कातडीचा कोंडा यांतच त्यांचा जन्म आणि मरण. त्या माणसाच्या अंगावर नांदत नाहीत. ज्या त्या प्राण्याची ऊ ज्या त्या प्राण्याला. निसर्गातही घराण्याचा असा अभिमान असतो!

पशुवैद्यबाईंचा दवाखाना स्टेशनपासून थोडा आत आहे. त्यांचे शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले, जे १८८६ साली सुरू झाले. पिशवीतून दोन गिनीपिग निघालेले पाहून त्यांना आश्चर्य वाटले नाही, याचाच मला धीर आला. त्यांनी औषधाचे नाव काढले नाही. प्रश्न विचारायला सुरुवात केली. खाज आहे की नाही? केस कुठले गेले, तोंडावरचे, पाठीवरचे की कुशीवरचे? मुळापासून गळाले की मधेच तुटले? एका बाजूचे गेले की दोन्ही बाजूंचे सारखे? खालची कातडी गुळगुळीत आहे की खपलीची? खाते किती? वजन किती? आमच्या इतिहासाच्या बाई साधनांची छाननी शिकवताना असेच प्रश्न विचारतात : हे कुणी लिहिले, कधी लिहिले, त्याने स्वतः पाहिले का?

त्या एका तासात मला कळले की 'केस गेले' ही एकच तक्रार किती निरनिराळ्या दारांतून घरात येते. माझ्यासारखे आणखी कुणी या भानगडीत पडले तर उपयोग होईल म्हणून ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट, प्रत्येक टक्कल हा रोग नव्हे. गिनीपिगाच्या दोन्ही कानांमागे एक छोटी जागा जन्मतःच केसांवाचून असते. नवे पाळणारे ती पाहून घाबरतात. शेपटी तर त्याला नसतेच, पण जिथे असायची तिथे एक तेलकट ग्रंथी असते आणि तिथले केस चिकट होतात, तेही स्वाभाविक. गाभण मादीचे केस शेवटी शेवटी विरळ होतात. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस अगदी सारखे गळू लागले आणि खाज मात्र नसली, तर दोष कातडीत नसून पोटात, अंडाशयावरच्या गाठींत असण्याचा संभव असतो. आणि केस कात्रीने कापल्यासारखे आखूड, पण खालची कातडी स्वच्छ, असे दिसले तर चोर पिंजऱ्यातलाच असतो. कंटाळलेला किंवा दादागिरी करणारा जोडीदार दुसऱ्याचे केस कुरतडतो. कधी प्राणी स्वतःचेच केस खातो. त्याला औषध नाही. जागा द्यावी लागते, गवत द्यावे लागते, दोघांत भांडण असेल तर वेगळे ठेवावे लागते.

आता खरे पाहुणे. उवा झाल्या. दुसरा एक आठ पायांचा, उवेहून लहान किडा असतो, माइट. तो केसाला मिठी मारून राहतो. पाठीमागचे केस फिसकटले तर मीठमिरी भुरभुरल्यासारखे ठिपके केसांवरच दिसतात. तो फारसा त्रास देत नाही. पुष्कळदा तो आहे याचा मालकाला आणि प्राण्यालाही पत्ता नसतो. मूगच्या मागच्या भागावर बाईंना हे ठिपकेही सापडले. म्हणजे दोन बिऱ्हाडे अंगावर वागवून मूग मजेत पालक खात होती.

तिसरा मात्र भयंकर. तो माणसाच्या खरजेच्या किड्याचा धाकटा भाऊबंद, आकाराने त्याच्याहूनही लहान. तो कातडीच्या आत बोगदे करून राहतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही, भिंगालाही नाही. शास्त्रात त्याला नाव मिळाले ते १९७२ साली, म्हणजे तसे अलीकडेच. पाठ, खांदे, मांड्यांची आतली बाजू ही त्याची ठाणी. त्याची खाज इतकी असह्य की प्राणी स्वतःला ओरबाडून जखमा करतो, खाणे टाकतो, आणि नुसत्या स्पर्शानेही त्याला झटके येतात. मटकीचे ते ताठ होणे म्हणजे अपस्मार नव्हता, खाजेचा कळस होता. हा किडा बरेचदा अंगात गुपचूप दबा धरून असतो. जागा बदलली, ताण आला, शरीर अशक्त झाले की डोके वर काढतो. दुकानातून मामेभावाकडे, तिथून आमच्याकडे, मग पावसाळा, एवढे पुरेसे होते.

चौथी बुरशी. तिची सुरुवात बहुधा तोंडापासून होते, नाक, डोळ्यांभोवती, कान. गोल चट्टे, पांढरी खपली, तुटलेले केस, खाज कधी थोडी कधी नाही. आणि हीच ती, जी प्राण्याकडून माणसाकडे खरोखर येते आणि हातावर गोल वर्तुळ उठवते. बाबांचा संशय अगदीच निराधार नव्हता तर! फक्त त्यांनी नाव चुकीचे घेतले होते. प्रश्न खरजेचा नव्हता, बुरशीचा होता.

बाईंनी मटकीच्या खांद्यावर तेलाचा थेंब टाकून बोथट पात्याने कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग मला म्हणाल्या, "ये, तूच पाहा." गोल, वाटोळे, आखूड पायांचे एक शरीर कोंड्याच्या ढिगात हळूच हलत होते. आमच्या घरातली सगळी झोप उडवणारा तो प्राणी पाहून मला राग यायला हवा होता. नवलच जास्त वाटले. नंतर दोघींच्या तोंडावरचे केस आणि खपली घेऊन बुरशीसाठी पाहिले. काही दिसले नाही. तरी त्यांनी नमुने प्रयोगशाळेत पाठवले, कारण बुरशी वाढून दिसायला दोन आठवडे लागू शकतात, आणि नुसत्या दिव्याच्या चकाकीवर भरवसा ठेवता येत नाही. गिनीपिगांना होणारी बुरशी बहुधा त्या दिव्याखाली चमकतच नाही.

उपचार ऐकून मला पुन्हा इतिहास आठवला. खरजेच्या किड्यावरचे औषध आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून त्याचा उगम. त्याबद्दल ओमुरा आणि कँपबेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण अमृतही मापाने घ्यावे लागते. मटकीचे वजन सातशे ग्रॅम. तेवढ्या जिवाला किती थेंब, हे वजनावरूनच ठरते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. एका मात्रेने भागत नाही, कारण अंडी मरत नाहीत. ती फुटून निघणाऱ्या पिलावळीसाठी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा द्यावे लागते. आमच्याकडे तीनदा दिले, आणि दोघींना दिले. बाईंनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. एक, पेनिसिलीनच्या जातीच्या गोळ्या गिनीपिगाला कधी देऊ नयेत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तोही मरू शकतो. दुसरी, कुत्र्यामांजरांची पावडर, रॉकेल, डांबराच्या गोळ्या यांतले काही वापरू नये. शेजाऱ्यांनी दिलेला सगळा औषधसाठा मी मनातल्या मनात परत केला.

आणि आहार. माणूस, माकडे आणि गिनीपिग यांचे एका बाबतीत दुर्मीळ साम्य आहे : क जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार होत नाही, ते खाण्यातून मिळवावे लागते. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगांना नुसते धान्य खाऊ घातले तेव्हा त्यांना खलाशांचा जुना रोग, स्कर्व्ही, झाला. त्यातूनच पुढे या जीवनसत्त्वाचा माग लागला. ते कमी पडले की केस राठ होतात, सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत आणि किड्यांना रान मोकळे मिळते. बाई म्हणाल्या, कोथिंबीर, सिमला मिरची रोज द्या, पेरूची फोड अधूनमधून द्या. आजीला हे फार आवडले. "पेरू देशातून आलेल्याला पेरूच मानवणार," असे म्हणून ती रोज एक फोड आठवणीने काढून ठेवू लागली.

पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला. वखारीतून आणलेला दमट भुसा टाकून कोरडे कागद घातले. भावाच्या हातावर बारीक लाल पुळ्या आल्या होत्या. खरजेचा हा किडा माणसाच्या कातडीवर थोडे दिवस चावतो, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही. मटकी बरी होऊ लागली तशा त्या आपोआप गेल्या.

राहिला आजीचा नायटा. तिला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पाहताच बुरशी असल्याचे सांगितले आणि विचारले, "घरात आणखी कुणाला आहे?" आम्ही नाही म्हणालो. "पावसाळ्यात माणसाकडून माणसालाच जास्त लागतो. टॉवेल, पंचे, ओले कपडे. नीट विचारा." घरी येऊन मी जेवताना हा प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. कुणी बोलेना. बाबा आमटी वाढून घेण्यात गुंतले होते. आईने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, तुमची कंबर दाखवा डॉक्टरांना. महिना झाला खाजवताय." पट्ट्याखाली, कमरेभोवती, चांगली तीन वर्तुळे निघाली! आणि बाबांचा जुना पंचा आजी हात पुसायला वापरत होती. दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेचे उत्तर आले : दोन्ही प्राण्यांच्या नमुन्यांत बुरशी नाही. कुणाकडून कुणाला गेले याचा शपथेवर पुरावा कुणी देऊ शकत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण खटला तिथेच निकालात निघाला. त्या रविवारी खाडीकडे कुणी गेले नाही.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आम्ही हसलोही. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. पण तेव्हाच मी 'मुंबईतील प्लेग' या विषयावर टिपणे काढत होते, आणि वाचता वाचता माझे हसू मावळत गेले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोन वर्षे आधीच, १८९४ साली, हाँगकाँगला सापडला होता. पण तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसल्यामुळे सरकारने सगळ्यांवरच संशय घेतला : घाणीवर, गटारांवर, धान्याच्या पोत्यांवर, गरिबांच्या चाळींवर. घरांच्या झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, माणसे छावण्यांत नेली गेली. पुण्यात त्या जुलमाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाली. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. माणसे मरत होती आणि खरा चोर उंदराच्या केसांत बसून होता. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवले; वर्षानुवर्षे त्याचे कुणी ऐकले नाही.

आणि मग या कथेत गिनीपिग येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग प्लेगने मेले. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी त्यांचे केस तपासले तेव्हा, एरवी ज्यांच्या अंगावर पिसवा क्वचितच आढळत, त्या गिनीपिगांवर उंदरांच्या पिसवा सापडल्या. उंदीर मेले, भुकेल्या पिसवांनी दुसरे ऊबदार अंग शोधले. तर मग माणसाचे अंगही त्या शोधतच असणार! १९०५ पासून प्लेग आयोगाचे संशोधक परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, कामाला लागले. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले आणि नंतर त्यांच्या केसांतून पिसवा वेचल्या. त्यांतले काही गिनीपिग प्लेगने गेले. काही पिंजरे पिसवांची उडी पोचणार नाही इतके उंच टांगले, काहींच्या भोवती चिकट कागद पसरला. ज्यांच्यापर्यंत पिसू पोचली नाही ते वाचले. हवा तीच, खोली तीच. गुन्हा हवेचा नव्हता, घाणीचाही नव्हता, पिसवेचा होता. ते सिद्ध झाले या मुक्या साक्षीदारांच्या केसांत.

ज्या आचार्य दोंदे मार्गावर ती संस्था आहे, त्याच रस्त्यावर आमच्या डॉक्टरबाईंचे महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. एका कुंपणाआड माणसासाठी प्राणी मरत आले आणि दुसऱ्या कुंपणाआड प्राण्यांसाठी माणसे झटत आली. मी त्या रस्त्याने दोनदा मुद्दाम चालून आले.

प्लेगच्या जुलमाची आणि आमच्या दोन खोल्यांतल्या निकालाची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल, हे मला कळते. तरीही मनाची रीत तीच. कारण कळले नाही की माणसाला भीती वाटते, आणि भीती वाटली की जो सर्वांत दुबळा आणि परका असेल त्याच्यावर खापर फुटते. ते फोडणारा दुष्टच असतो असे नाही. बहुधा तो आपल्या माणसाच्या काळजीने व्याकूळ झालेला असतो, बाबांसारखा. त्याला अडवायला उपदेश उपयोगी पडत नाही. एक फणी, एक काळे कापड, काचेवरचा कोंडा आणि आठ दिवसांची मुदत उपयोगी पडते.

मटकीचे झटके पहिल्या आठवड्यातच थांबले. दुसऱ्या मात्रेनंतर खपल्या गळाल्या, तिसरीनंतर पाठीवर मखमलीसारखी लव आली. ती आधीपेक्षा गडद आहे, त्यामुळे ती आता मटकीपेक्षा मसुरासारखी दिसते. पण नाव बदलायचे नाही असे सर्वानुमते ठरले. आजीचा आणि बाबांचा नायटा दिवाळीच्या आत गेला. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा झाला आहे. दर रविवारी आजी दोघींना फणी करते, भाऊ त्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिहितो. कारण हे प्राणी आजार लपवण्यात पटाईत असतात आणि वजन आधी बोलते. गेल्या रविवारी मटकी सातशे नव्वद भरली. आकडा बाबांनी वाचून सांगितला.